तिन्ही चालींची फळी

९ नोव्हेंबर, रविवार

मोडून आणली! रोहिणी सकाळच्या पुणे गाडीतून उतरली ती पाठीला फळी बांधूनच. लाँगबोर्ड म्हणते ती. खाली चार चाकं, वर माणूस उभा. गेली दोन वर्षं पुण्यात लॅबमधली नोकरी सांभाळून पोरगी ह्याच नादात आहे. फळी परदेशी — आणि मधोमध उकललेली.

"पप्पा, चिकटवता येईल का?"

बोट फिरवून बघितलं. थर सुटलेत. डिंक हात राखून लावलेला, दाब पुरता दिलेला नाही. वरची रंगरंगोटी मात्र झकास! असल्या कारागिराला मी माझ्या शेडमध्ये दाराला कडीसुद्धा लावू दिली नसती. म्हणालो, "हे चिकटवणार नाही. नवी करून देतो."

नंदा भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, तुम्ही दारं करता. ह्यातलं काय कळतंय तुम्हाला?"

दारातलं तरी मला कुणी शिकवलं होतं? आमच्या घराण्यात रंधा धरलेला हात नव्हता. कुठल्याशा हपिसातलं टाकून दिलेलं दार कुऱ्हाडीनं फोडून आत काय घातलंय ते बघितलं, तिथून माझी सुरुवात. आज कळंबात कुठल्याही गल्लीत जा, माझं दार दिसेल. आणि एकही चौकटीत अडकत नाही!

आईचं वेगळंच. "धम्मा, पोरीला एक पाट करून दे की रं. बसंल तरी खाली."

आता मुद्द्याचं. १३ आणि १४ डिसेंबरला कोल्हापूरच्या बाजूला एका घाटात स्पर्धा आहे. तीन प्रकार, तिन्हींचे गुण मिळून एक नंबर. आणि अट अशी की तिन्ही एकाच फळीवर खेळायचे. मधे बदलायची नाही. रोहिणी म्हणते, तिन्हीला जमणारी फळी नसतेच, एकात तरी मार खाते. तिच्या खोलीवरची मैत्रीण अश्लेषा, तुळजापूरची, तिची महागडी फळी द्यायला तयार आहे. महिनाअखेरी रोहिणी ठरवणार — अश्लेषाची की माझी.

ठरव म्हणालो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

फोनवर रोहिणीची शिकवणी घेतली. म्हणजे ती शिकवत होती, मी खोदून खोदून विचारत होतो. शेवटी म्हणाली, "पप्पा, मी कामावर आहे हो!"

लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यात बसेल. पहिला प्रकार नाचाचा. फळी संथ चालू असताना तिच्यावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं टाकत फिरायचं. त्याला फळी लांब पाहिजे, रुंद पाहिजे, पायाखाली झोका पाहिजे. दुसरा वळणांचा. पाय जागचे हलवायचे नाहीत, नुसतं अंग कलवून नागमोडी जायचं. तिथं फळी दाबली की उसळून वर आली पाहिजे. तिसरा उताराचा, घाटातून सुसाट. तिथं मात्र झोका नको! फळी गप्प पाहिजे.

एकाच लाकडाकडून तिन्ही चाली मागायच्या. आवडलं मला.

दुपारी शेडमध्ये बसून विचार केला. दारात दोन उभ्या थरांच्या मधे एक आडवा थर घालतात. सगळेच घालतात, मीही घालतो. इथं तो काढून टाकायचा! आडवा थर झोका मारतो. बांबूच्या पट्ट्या सगळ्या लांबीनंच घ्यायच्या, वरखाली सागाचा पातळ थर. हे कुणी सांगितलेलं नाही, कुठं बघितलेलं नाही. माझ्या डोक्यातून निघालेलं आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पहिली फळी दाबातून काढली. कडेला नख घालून बघितलं — शिरत नाही!

१६ नोव्हेंबर, रविवार

करणाऱ्यानं आधी स्वतः उभं राहिलं पाहिजे, ह्या मताचा मी आहे. एक्कावन्न वय म्हणजे काय म्हातारपण नव्हे. मोडक्या फळीचे ट्रक — चाकं धरणाऱ्या खालच्या आसाला ट्रक म्हणतात — माझ्या फळीला जोडले आणि मोंढ्यात गेलो. रविवारी धान्याचा बाजार बंद, सिमेंटचं अंगण मोकळं. कळंबात त्याच्याइतकी सपाट जागा दुसरी नाही.

हमाल मंडळी ओट्यावर पत्ते कुटत बसलेली. उत्तरेश्वर मुकादम ओरडला, "मिस्त्री, दार आडवं करून कुठं चाललाव?"

एक पाय वर, एक पायानं ढकललं. चालली की! वारं लागलं तोंडाला. अंगण निम्मं पार केलं आणि चाकाखाली सोयाबीन आलं. सांडलेले दाणे, दिसतात कुठं? फळी एकीकडं, मी एकीकडं. पत्ते टाकून सगळे पळत आले. उत्तरेश्वरनं उठवलं आणि म्हणाला, "आधी झाडून घ्यायचं की, भाऊ! सोयाबीनवर म्हैस घसरती, तुमी तर दोन पायाचं."

त्यानंच केरसुणी आणली. त्यानंच अंगण झाडलं. मग मी जेवायला घरी जाईपर्यंत उतरलोच नाही. शेवटी शेवटी अंग कलवून वळतासुद्धा आलं! उत्तरेश्वरलाही एक खेप पाहिजे होती. त्याला म्हणालो, आधी माझी परीक्षा होऊ दे.

नंदानं गुडघ्याला हळद लावली. हसत होती, पण तोंड फिरवून.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आजच्या युक्तीवर मी लई खूश आहे. फळी रोहिणीच्या वजनाला किती वाकते ते कळायचं कसं? ती पुण्यात, फळी इथं. मी चढून उपयोग नाही, मी तिच्या दीडपट. फोन करून वजन विचारलं तर चिडली — "असं कुणी विचारतं का, पप्पा!" पण सांगितलं. नेमका एक कट्टा!

मोंढ्यातून उत्तरेश्वरच्या खांद्यावरून सोयाबीनचा एक कट्टा आणवला. पन्नास किलोचा, काट्यावर घातलेला. दोन विटांवर फळी ठेवली, मधोमध कट्टा टेकवला, खालून मोजपट्टी लावली. वाकली ती अगदी मी धरलं होतं तेवढी, सुतभर इकडं नाही की तिकडं नाही. कट्टा उचलला तर होती तशी सरळ.

पुण्यातल्या पोरांनी ह्याला मशीन आणलं असतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

रोहिणी आली. मोंढा झाडून तयार ठेवला होता. हमाल, त्यांची पोरं, चहावाला, सगळे जमलेले. नंदाही आली, पदर खोचून.

पोरगी चढली आणि मी बघतच राहिलो. मी आजवर तिचे व्हिडिओ पाहिले होते, समोर कधी पाहिलं नव्हतं. फळी चालू, आणि ही तिच्यावर अशी पावलं टाकते की जणू घरातल्या फरशीवरून चाललीय. एक गिरकी घेतली तेव्हा उत्तरेश्वरच्या तोंडून "आयला!" निघालं आणि मग नंदाकडं बघून त्यानं जीभ चावली.

उतरली. फळी हातात घेऊन उलटीपालटी केली.

"पप्पा, काम एक नंबर आहे. पण पोत्याला जमली असती, मला नाही जमत."

लोक हसले. मला झोंबलं. "का? वजन तेच आहे की."

"मी मधे बसून राहते का? मधे आले की झोका येतो, पण पाय लांब टाकून उभी राहिले की नुसतं लाकूड. उसळी नाही."

घरी आलो. जेवताना डोक्यात उजेड पडला. पोतं एकाच जागी टेकतं, माणसाचे पाय दोन! अर्धाअर्धा कट्टा करून दोन पायांच्या जागी ठेवायला पाहिजे होता. एवढी साधी गोष्ट. पण चूक सापडली की निम्मं काम झालं, हा माझा नेहमीचा अनुभव.

रोहिणीला बसमध्ये बसवताना सांगितलं, "पुढच्या रविवारी दुसरी तयार असंल."

ती म्हणाली, "पप्पा, ताण घेऊ नका. अश्लेषाची आहेच."

अश्लेषाची आहेच म्हणे!

२६ नोव्हेंबर, बुधवार

दुसरी फळी आणखी पातळ केली, एक थर कमी. मग मधे जास्त वाकू नये म्हणून तिला वरच्या अंगानं कमान दिली. आजवर मी जे केलं ते सगळं सपाट. कमान पहिल्यांदाच! साचा नाही, म्हणून जुन्या चौकटी तासून साचा केला. दारांची दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. "मिस्त्री, दार कधी?" — "फळी झाल्यावर." माझ्याकडं बघत बघत गेले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

अर्धा कट्टा ह्या पायाला, अर्धा त्या पायाला. वाकते, उसळते. मधे पुरा कट्टा ठेवला तरी कमान फक्त सपाट होते, खाली जात नाही. दोन्ही साधलं! आईला आणून दाखवलं. तिनं हात फिरवला आणि म्हणाली, "गुळगुळीत हाय बाबा. लेकराच्या गालावानी." पाटाचा विषय काढला नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस नीट लिहितो.

सकाळी मोंढ्यात नाच झाला. रोहिणी खेपेवर खेपा मारत राहिली. मग लांबूनच अंगठा दाखवला. वळणांना फळी अशी उसळत होती की चाकांचा आवाजच बदलला — कुरकुर जाऊन एक लय आली.

मग उतार. बालाघाटातल्या जुन्या रस्त्यावर गेलो, नवा झाल्यापासून तिकडं शेळ्या आणि एखादा ट्रॅक्टर सोडून कुणी जात नाही. रोहिणी हेल्मेट, कोपरगुडघ्याला चिलखत. मी मोटरसायकलवर तिच्या मागं. नंदा खाली वळणावर उभी, लाल ओढणी हातात घेऊन. कुणी येत असलं तर हलवायची.

सुटली! मला गाडीचा गियर बदलायला लागला तिला गाठायला. खाली बसून, हात मागं, माझी लेक माझ्या फळीवर! हेल्मेटात मी एकटाच ओरडत होतो.

खाली पोचल्यावर म्हणाली, "पप्पा, जोर धरला की मागची बाजू जरा डुलते."

"ट्रक ढिले असतील. आवळतो."

"ट्रक नाही वाटत मला. म्हणजे… पायाखालीच काहीतरी…"

"अगं, आवळू तर दे!"

पाना खिशातच होता. आवळले. दुसऱ्या खेपेला मधेच ट्रॅक्टर आला, नंदानं ओढणी हलवली, रोहिणीला वेग कमी करावा लागला. खाली आल्यावर विचारलं, "आता?"

"आता बरी वाटली."

"मग?"

तिनं फळी काखेत मारली. "हीच नेते."

नंदाकडं बघितलं. ती ओढणीची घडी घालत होती. मी म्हणालो, "बघितलंस?" ती म्हणाली, "बघितलं." बस्स एवढंच. ह्या बाईला आनंद मोजून वापरायची सवय आहे.

तिन्ही चाली! एका फळीवर! मी केलेली!

६ डिसेंबर, शनिवार

शेड बंद. सकाळी पांढरे कपडे घालून सगळे अभिवादनाला गेलो. आई रिक्षानं. वंदना झाल्यावर अमरनाथ गुरुजींनी विचारलं, "पोरगी घाटातून फळीवर उतरणार म्हणं? भीती न्हाय वाटत तुमाला?" म्हणालो, "गुरुजी, भीती वाटायला फळी कुणी केलीय ते बघा की."

घरी येताना नंदा म्हणाली, "डुलते म्हणाली, तेव्हा तुम्ही तिला पुरतं बोलू दिलं नाही."

बोलू दिलं. ट्रक आवळले. आणखी काय करायचं असतं?

१३ डिसेंबर, शनिवार

नाचात पहिली! वळणांत दुसरी! गुण मिळून सगळ्यांच्या पुढं!!

रोहिणीचा फोन आला तेव्हा मागं नुसता गोंगाट. "पप्पा, इथली पोरं विचारतायत, फळी कुठल्या कंपनीची!" मी विचारलं, काय सांगितलंस? "म्हटलं, कळंबची कंपनी आहे. मालक कडक आहेत, फोनवर वजन विचारतात."

किलोभर जिलेबी घेऊन मोंढ्यात गेलो. उत्तरेश्वर जिलेबी खात म्हणाला, "ह्यात आमच्या कट्ट्याचा वाटा हाय बरं का, मिस्त्री." आहेच.

उद्या उतार.

१४ डिसेंबर, रविवार

रोहिणी पडली. चिलखत सरकून कोपर सोललंय. डॉक्टरांनी तपासलं, हाड शाबूत. स्वतः बोलली माझ्याशी. नंदानं फोन हातातून काढून घेतला आणि सोडेचना.

नंतर पुन्हा लिहितोय. परत बोलणं झालं. गुण मिळून चौथी आली शेवटी. मी विचारलं, "फळी?" ती लगेच म्हणाली, "फळी मस्त होती, पप्पा. मीच घाबरले. वळणावर जीव दडपला आणि तोल गेला."

छाती हलकी झाली. खोटं कशाला लिहू?

१५ डिसेंबर, सोमवार

मोंढ्यातून जाताना हमालांनी अडवलं. काय झालं, कसं झालं. मी सांगितलं, "फळीत काही नव्हतं. फळीला ओरखडा नाही. पोर भ्याली." उत्तरेश्वर म्हणाला, "लेकराची जात, भेनारच की." पुढं चहावाल्यालाही तेच सांगितलं. अमरनाथ गुरुजी भेटले, त्यांनाही.

नंदाच्या कानावर गेलं. जेवायला वाढलं, पण समोर बसली नाही. दारातून म्हणाली, "गावभर सांगत फिरा, माझी लेक भित्री आहे म्हणून. तुमची फळी तेवढी शूर."

१६ डिसेंबर, मंगळवार

अश्लेषानं व्हिडिओ पाठवला. कुणीतरी मागून स्कूटरवरून काढलेला, रोहिणीच्या पाठीमागून सबंध घाट. "काका, बघा कशी सांभाळलीय तिनं," एवढंच खाली लिहिलंय.

पहिल्यांदा रोहिणीकडं बघितलं. मग पुन्हा लावला आणि फक्त फळीकडं बघितलं.

वळणावर ती अंग कलवते. फळीचं पुढचं टोक तिच्याबरोबर कलतं. मागचं टोक कलत नाही, मागं राहतं. मग झटक्यात येतं, जास्तच येतं, परत जातं. फळी पिळतेय! ओल्या टॉवेलासारखी. ट्रक घट्ट आहेत, त्यांचा काही संबंध नाही. पायाखालीच काहीतरी, म्हणाली होती.

शेडमध्ये जाऊन पहिली फळी — ती तर दुसरीपेक्षा जाड — एका टोकाला पकडीत आवळली आणि दुसरं टोक दोन्ही हातांनी फिरवलं. फिरलं. माझ्या नुसत्या हातानं फिरलं! पोतं ठेवलं की ते खाली दाबतं. ते कलत नाही, टाच उचलत नाही. मी मोजलं ते सगळं बरोबर मोजलं, आणि जे मोजायचं होतं ते मोजलंच नाही. आडवा थर दारात कशासाठी असतो? दार पिळू नये म्हणून! हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी तो काढला आणि त्याचीच फुशारकी मारली.

व्हिडिओ परत लावला. डोळ्यात तेल घालून. शेवटच्या वळणावर फळी आटोक्यातून गेली, तेव्हा समोर दरीच्या बाजूला कठडा आहे. रोहिणी तिकडं गेली नाही. तिनं अंग डोंगराकडं टाकलं, गवतात. कोपर तिथं सोललं. भ्यालेलं माणूस असं पडत नाही. भ्यालेला कसा पडतो ते मला मोंढ्यात पडून माहीत झालंय.

नंदाला बोलावून दाखवला. ती शेवटपर्यंत बघू शकली नाही. मी म्हणालो, "चूक माझी आहे." ती म्हणाली, "मला कशाला सांगताय?"

१७ डिसेंबर, बुधवार

सकाळी आधी मोंढ्यात गेलो. लिलाव सुरू व्हायच्या आत ओट्यावर उभा राहून सांगितलं — पोरगी भ्याली नव्हती, माझी फळी पिळली. मग चहावाल्याला. मग गुरुजींच्या घरी जाऊन त्यांना.

मग रोहिणीला फोन लावला. म्हणालो, "बाळा, तू घाबरली नव्हतीस."

ती म्हणाली, "पहिल्याच वळणावर कळलं होतं, पप्पा. पुढं चार होती."

पिळत्या फळीवर चार वळणं उभी होती माझी पोरगी!